अ‍ॅस्टोरिया : ज्याच्या नावाने गाव वसलं तो कधी आलाच नाही, आणि जे आले त्यांच्यात गदरवालेही होते

गदर पार्टी म्हटलं की आपल्याला सॅन फ्रान्सिस्को आठवतं. लाला हरदयाळ, युगांतर आश्रम, १ नोव्हेंबर १९१३ ला निघालेला 'गदर'चा पहिला अंक, एवढं स्पर्धा परीक्षेवाल्यांना तोंडपाठ असतं.

पण अंक निघायच्या आधी संघटना उभी राहावी लागते, आणि ती उभी राहिली सॅन फ्रान्सिस्कोपासून हजार-एक किलोमीटर उत्तरेला, ऑरेगन राज्यात. लाकडाच्या गिरण्यांमध्ये ओंडके ओढणाऱ्या पंजाबी मजुरांनी १९१३ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर नदीकाठच्या एका छोट्या गावात बैठक घेतली. बैठकीची जागा होती फिनलंडहून आलेल्या समाजवादी कामगारांनी बांधलेला हॉल. गावाचं नाव अ‍ॅस्टोरिया.

आजची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेनुसार १० हजार १८१. आपल्याकडे एवढ्या वस्तीच्या ठिकाणाला नगरपंचायत मिळाली तरी पुष्कळ. तिकडे मात्र हे रीतसर 'सिटी' आहे, क्लॅटसप काउंटीचं मुख्यालय आहे, आणि रॉकी पर्वताच्या पश्चिमेला अमेरिकेचं पहिलं पोस्ट ऑफिस १८४७ मध्ये इथेच उघडलं.

आता एवढ्याशा गावात चिनी, फिनिश, पंजाबी, जर्मन व्यापाऱ्याचं नाव आणि ब्रिटिश नौदल हे सगळं एकत्र आलं कसं? त्याचं उत्तर नदीत आहे.

नदी जिथे समुद्राला भिडते

कोलंबिया नदी कॅनडात उगम पावते आणि जवळपास २ हजार किलोमीटर वाहून पॅसिफिक महासागराला मिळते. अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर एवढं पाणी समुद्रात टाकणारी दुसरी नदी नाही. तिच्या मुखापासून थोडं आत, दक्षिण काठावर अ‍ॅस्टोरिया आहे. पोर्टलंडहून इथे यायला सुमारे दीडशे किलोमीटर. नदी इथे एवढी रुंद आहे की पलीकडचं वॉशिंग्टन राज्य गाठायला साडेसहा किलोमीटरचा पूल बांधावा लागला.

मागे टेकड्या, पुढे नदी, आणि वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस पाऊस. टेकड्यांची माती ओली होऊन घसरत राहते, त्यामुळे दरड कोसळून घरं जाणं हा इथला जुना त्रास आहे. सपाट जमीन फारच थोडी. म्हणून जुन्या लोकांनी सरळ नदीत लाकडी खांब ठोकले आणि त्यांच्यावर दुकानं, कारखाने, रस्ते उभे केले. म्हणजे अर्धं गाव पाण्यावरच होतं म्हणा ना. ही सोय पुढे महागात पडली, ते पुढे येईलच.

नदीच्या मुखाशी वाळूचा प्रचंड दांडा आहे. त्याला 'कोलंबिया बार' म्हणतात. नदी आपल्याबरोबर आणलेली वाळू मुखाशी टाकते, समुद्राच्या लाटा ती परत ढकलतात, त्यामुळे तिथे उथळ भाग तयार होतो. ओहोटीच्या वेळी नदीचं पाणी आणि ओहोटीचं पाणी दोन्ही जोरात बाहेर जात असतं, आणि समोरून हजारो किलोमीटर मोकळ्या समुद्रातून आलेल्या लाटा येत असतात. उथळ जागेत हे दोन्ही समोरासमोर आले की लाटा उभ्या भिंतीसारख्या होतात. अर्ध्या तासापूर्वी शांत असलेला समुद्र बघता बघता जहाज उलटवायला निघतो.

१७९२ पासून इथे सुमारे २ हजार लहानमोठी जहाजं बुडाली किंवा फुटली. खलाशांनी या भागाला 'पॅसिफिकचं स्मशान' असं नाव दिलंय. १९०६ मध्ये वाळूत रुतलेल्या 'पीटर इरेडेल' या जहाजाचा गंजलेला सांगाडा जवळच्या किनाऱ्यावर अजून उभा आहे. त्यातले सगळे खलाशी वाचले होते, त्यामुळे लोक निर्धास्त मनाने त्याच्यासमोर फोटो काढतात.

१८८५ पासून मुखाच्या दोन्ही बाजूंना दगडांचे लांबच लांब बांध घालायला सुरुवात झाली, त्याने वाट खोल झाली. तरी आजही परदेशी मालवाहू जहाज आत यायचं असेल तर त्याचा कप्तान ते स्वतःच्या हिमतीवर आणू शकत नाही. बारची वाट माहीत असलेला स्थानिक पायलट जहाजावर घ्यावा लागतो. हा पायलट खवळलेल्या समुद्रात छोट्या बोटीतून जातो आणि चालत्या जहाजाला लटकवलेल्या दोरीच्या शिडीने वर चढतो. कधी हेलिकॉप्टरमधून दोरीने उतरतो. या कामात १९व्या शतकात जॉर्ज फ्लॅवेल नावाचा पायलट एवढा श्रीमंत झाला की त्याने १८८० च्या दशकात बांधलेला टुमदार वाडा आज म्युझियम आहे. वाड्याला मनोराही आहे, तिथून नदीतली जहाजं दिसायची.

आधीपासून कोण राहत होतं

अमेरिकन इतिहासाची पुस्तकं इथली गोष्ट १७९२ पासून सुरू करतात, कारण त्या वर्षी मे महिन्यात रॉबर्ट ग्रे नावाचा कप्तान आपलं जहाज बारवरून आत आणू शकला. त्याच्या जहाजाचं नाव 'कोलंबिया रेडिव्हायव्हा', त्यावरून नदीचं नाव कोलंबिया.

पण उत्तर काठावर चिनूक आणि दक्षिण काठावर क्लॅटसप लोक कैक पिढ्यांपासून राहत होते. देवदाराच्या फळ्यांची लांबलचक घरं, एकाच खोडातून कोरलेल्या होड्या, आणि मुख्य म्हणजे व्यापार. सुकवलेला सॅमन मासा नदीने वर जायचा, वरचा माल खाली यायचा. वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्यांना सौदा करता यावा म्हणून 'चिनूक वावा' नावाची खिचडी भाषा वापरात आली, ती पुढे अलास्कापर्यंत चालायची.

१८०५ च्या नोव्हेंबरात लुईस आणि क्लार्क यांची मोहीम पायी, घोड्यावर आणि होडीने अख्खा खंड ओलांडून इथे पोचली. हिवाळा काढायला त्यांनी अ‍ॅस्टोरियाजवळ 'फोर्ट क्लॅटसप' बांधला. तिथे काढलेल्या १०६ दिवसांत फक्त १२ दिवस पाऊस पडला नाही. कपडे कुजले, मांस सडलं, पिसवांनी झोप घालवली. या वैतागाने त्यांच्या डायऱ्यांची पानंच्या पानं भरली आहेत.

चिनूकांचा त्या काळातला मोठा सरदार कॉमकॉमली. गोरे व्यापारी आले तेव्हा त्याने त्यांच्याशी धंदा केला, आपली मुलगी त्यांच्या एका प्रमुखाला दिली. १८३० मध्ये तापाच्या साथीत तो गेला. त्या साथींमध्ये नदीच्या खालच्या टप्प्यातली बहुतेक गावंच्या गावं रिकामी झाली. कॉमकॉमलीला मेल्यावरही स्वस्थता मिळाली नाही. एका ब्रिटिश डॉक्टरने त्याचं थडगं उकरून डोकं इंग्लंडला पाठवलं, 'अभ्यासासाठी'. ती कवटी शंभरहून जास्त वर्षांनी अमेरिकेत परत आली आणि १९७२ मध्ये तिचं दफन झालं.

हे जुनं प्रकरण म्हणून सोडून देता येत नाही. १८५१ मध्ये इथल्या जमातींनी अमेरिकन सरकारशी करार केले. आपल्या पूर्वजांच्या जागेवरून हलणार नाही, अशी त्यांची अट होती. सिनेटने त्या करारांना मंजुरीच दिली नाही. जमीन मात्र गेली. चिनूक नेशनला २००१ च्या जानेवारीत केंद्र सरकारने अधिकृत जमात म्हणून मान्यता दिली आणि पुढच्याच वर्षी, सरकार बदलल्यावर, काढून घेतली. मान्यता नाही म्हणजे आरोग्यसेवा नाही, जमिनीचे आणि मासेमारीचे हक्क नाहीत. ज्या माशाला जगभर 'चिनूक सॅमन' म्हणतात, तो पकडायचा हक्क चिनूकांनाच मागावा लागतो.

अ‍ॅस्टर, जो आलाच नाही

जॉन जेकब अ‍ॅस्टर जर्मनीतल्या वॉलडॉर्फ गावचा खाटकाचा पोरगा. न्यूयॉर्कला येऊन फरच्या, म्हणजे जनावरांच्या केसाळ कातड्यांच्या धंद्यात गब्बर झाला. त्याचं गणित सोपं होतं : कोलंबियाच्या मुखाशी ठाणं टाकायचं, स्थानिकांकडून कातडी घ्यायची, ती जहाजाने चीनला विकायची, तिथून चहा-रेशीम घेऊन न्यूयॉर्कला आणायचं.

१८११ च्या मार्चमध्ये त्याचं 'टॉनक्विन' जहाज बारवर पोचलं. हट्टी कप्तानाने वादळातच छोट्या होड्या पाठवून वाट शोधायला लावली. ८ माणसं गेली. बाकीच्यांनी एप्रिलमध्ये किल्ला बांधायला घेतला आणि त्याला मालकाचं नाव दिलं. पॅसिफिक किनाऱ्यावरची ही अमेरिकेची पहिली कायम वसाहत. टॉनक्विन त्याच वर्षी व्हँकुव्हर बेटापाशी तिथल्या लोकांशी झालेल्या भांडणात स्फोट होऊन संपलं.

पुढे १८१२ चं ब्रिटन-अमेरिका युद्ध लागलं. किल्ल्यातल्या लोकांनी हिशेब केला आणि १८१३ मध्ये ठाणं कॅनडाच्या प्रतिस्पर्धी कंपनीला विकून टाकलं. काही आठवड्यांनी ब्रिटिश युद्धनौका तोफा सज्ज करून किल्ला जिंकायला आली, तर किल्ला आधीच आपल्याच लोकांच्या मालकीचा! कप्तानाने मग झेंडा चढवला, दारूची बाटली फोडली आणि नाव ठेवलं 'फोर्ट जॉर्ज'. गंमत म्हणजे हा पोकळ विजयच ब्रिटिशांना नडला. युद्धानंतरच्या तहात 'जिंकलेली जागा परत' असं कलम होतं. विकलेली जागा परत मागता आली नसती, 'जिंकलेली' मागता आली. १८१८ मध्ये अमेरिकेचा झेंडा परत लागला.

अ‍ॅस्टर १८४८ मध्ये मेला तेव्हा अमेरिकेतला सगळ्यात श्रीमंत माणूस होता. अ‍ॅस्टोरियात त्याने कधीच पाऊल ठेवलं नाही. न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अ‍ॅस्टोरिया हॉटेलचं नाव मात्र त्याच्या जन्मगावावरून आणि या गावावरून आलंय.

डब्यातला मासा आणि तो कापणारे हात

गावाला खरा पैसा सॅमनने दाखवला. सॅमन समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला परत नदीत येतो. कोलंबियाचा चिनूक सॅमन ४० किलोच्याही वर जायचा. मासा शिजवून डब्यात बंद करायचं तंत्र १८६६ मध्ये या नदीवर आलं, आणि १८७० च्या दशकात अ‍ॅस्टोरियाच्या काठाने खांबांवर उभ्या असलेल्या कॅनऱ्यांची रांग लागली. १८८३ हे तेजीचं शिखर. त्या वर्षी नदीतून एवढा चिनूक सॅमन निघाला की पुन्हा तेवढा कधीच निघाला नाही. डबे इंग्लंडच्या गिरणी कामगारांच्या ताटापर्यंत जायचे.

मासे पकडायचे युरोपातून आलेले लोक, आणि आत कापायचे चिनी. कॅनरीचा मालक मुकादमाशी सौदा करायचा, मुकादम अख्खी टोळी आणायचा. कसबी कापणारा अवजड मासा एका मिनिटाच्या आत डोकं, कल्ले, पर, आतडी काढून पुढे सरकवायचा. डबे कापणं, डाग देणं, उकळणं, सगळं हीच माणसं करायची. १८८० च्या सुमारास परिसरात दर तीन माणसांमागे जवळपास एक चिनी होता.

१८८२ मध्ये अमेरिकेने चिनी मजुरांना देशात यायलाच बंदी करणारा कायदा केला. आधी आलेले म्हातारे होत गेले, नवे येईनात, मजुरी वाढली. मग १९०३ च्या सुमारास मासे साफ करणारं यंत्र आलं आणि त्याला 'लोखंडी' या शब्दापुढे चिनी माणसासाठी वापरली जाणारी शिवी जोडून नाव दिलं गेलं. यंत्रावर ते नाव ओतीव अक्षरांत छापलेलं असायचं. या कामगारांच्या आठवणीसाठी शहराच्या मध्यभागी बाग झाली ती २०१४ मध्ये.

मासे पकडणाऱ्यांचंही फार बरं चाललं नव्हतं. त्यांच्यात फिनिश लोक सगळ्यात जास्त. गावाच्या पश्चिमेला त्यांची वस्ती, तिचं नाव 'युनियनटाउन'. सौना, लुथेरन चर्च, आणि दुसऱ्या बाजूला कट्टर समाजवादी, असे दोन तट. १८९६ मध्ये कॅनरीवाल्यांनी माशाचा भाव पाडला तेव्हा कोळ्यांनी संप केला. सरकारने सशस्त्र मिलिशिया पाठवली, संप फसला. मग कोळ्यांनी स्वतःचीच सहकारी कॅनरी काढली आणि १८९७ पासून स्वतःचे मासे स्वतः डब्यात भरायला लागले. सहकारी साखर कारखाने पाहिलेल्या वाचकाला ही कल्पना वेगळी समजावून सांगायला नको. समाजवादी तटाने 'तोवेरी' म्हणजे 'कॉम्रेड' नावाचं फिनिश वर्तमानपत्र चालवलं आणि एक मोठा हॉल बांधला. आपल्या गोष्टीतला हॉल तो हाच.

हिंदू अ‍ॅली

पंजाबमधून माणसं ऑरेगनला आली ती १९०५-०६ नंतर. बरेचसे शीख, काही मुसलमान आणि हिंदू. अमेरिकन मात्र सगळ्यांना सरसकट 'हिंदू' म्हणायचे. कर्जात गेलेली शेती, लष्करातली नोकरी केलेली, कोणीतरी सांगितलं की तिकडे दिवसाला दोन डॉलर मिळतात.

किनाऱ्यावर त्यांचं स्वागत कसं झालं? ४ सप्टेंबर १९०७ ला वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅममध्ये शेकडो गोऱ्यांच्या जमावाने त्यांना बिछान्यातून ओढून गावाबाहेर हाकललं. दोन महिन्यांनी एव्हरेटमध्ये तेच. १९१० च्या मार्चमध्ये पोर्टलंडजवळच्या सेंट जॉन्समध्ये पुन्हा तेच.

अ‍ॅस्टोरियात असं घडलं नाही. गावाच्या पूर्व टोकाला हॅमंड लंबर कंपनीची भलीमोठी लाकूड गिरणी होती, तिच्या शेजारी कंपनीच्या खोल्यांमध्ये हे मजूर राहायचे. त्या गल्लीला गाव 'हिंदू अ‍ॅली' म्हणायचं. बहुतेक एकटे पुरुष, पण एखाददुसरं बिऱ्हाडही होतं. बख्शीश सिंग धिल्लाँ आणि रतन कौर यांचं कुटुंब त्यातलंच. त्यांची मुलगी कर्तार धिल्लाँ इथल्याच शाळेत जायला लागली, पुढे कामगार चळवळीत गेली आणि आपल्या लहानपणाबद्दल तिने लिहून ठेवलं. पंजाबी मल्ल गावात कुस्त्या करायचे आणि बघायला गोरे लोक तिकीट काढून यायचे.

गाव फार सज्जन होतं असं समजू नका. गिरणीला माणसं हवी होती, गावातले बहुसंख्य लोक स्वतःच परदेशातून आलेले होते, आणि झारच्या रशियाच्या टाचेखाली असलेल्या देशातून आलेल्या फिनिश समाजवाद्यांना साम्राज्याबद्दल काय वाटत असेल ते वेगळं सांगायला नको. दंग्याची भीती नसलेल्या ठिकाणी माणसं संध्याकाळी एकत्र बसून बोलू शकतात. संघटना करायला सगळ्यात आधी तेच लागतं.

ऑरेगनमध्ये ही जुळवाजुळव आधीपासून सुरू होती आणि तिच्यात आपला एक मराठी माणूस होता. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे ऑरेगनच्या कृषी महाविद्यालयात शिकायला आले होते. पोर्टलंडमध्ये मजुरांचे मुकादम असलेल्या पंडित काशीरामांबरोबर त्यांनी गदरच्याही आधी संघटना काढली होती. १९१३ मध्ये लाला हरदयाळांना कॅलिफोर्नियातून बोलावलं गेलं, गिरण्या-गिरण्यांमध्ये सभा झाल्या आणि मे अखेर-जूनच्या सुमारास अ‍ॅस्टोरियाच्या फिनिश सोशालिस्ट हॉलमध्ये मोठी सभा झाली. संघटनेचे अध्यक्ष पोर्टलंडच्या गिरणीत काम करणारे सोहन सिंग भकना, सरचिटणीस हरदयाळ, खजिनदार काशीराम. उपाध्यक्षपद गेलं अ‍ॅस्टोरियाच्या केसर सिंग यांच्याकडे.

मजुरांनी ठरवलेलं उद्दिष्ट सरळ होतं : इंग्रजांना शस्त्राच्या जोरावर हाकलायचं आणि प्रजासत्ताक आणायचं. काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचा ठराव केला १९२९ मध्ये.

१९१४ ला महायुद्ध सुरू झालं आणि ही माणसं खरोखरच नोकऱ्या सोडून जहाजाने भारताकडे निघाली. उठावाचा बेत फितुरीने फुटला. काशीराम मार्च १९१५ मध्ये फासावर गेले. अमेरिकेतच शिकायला गेलेले आणि गदरमध्ये आलेले तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभा यांच्याबरोबर फासावर गेले. सोहन सिंग भकनांची फाशी जन्मठेपेवर आली आणि ते अंदमानला गेले. खानखोजे निसटले, इराण, जर्मनी करत मेक्सिकोला पोचले आणि तिथे मक्यावर संशोधन करणारे नामांकित शास्त्रज्ञ झाले.

अ‍ॅस्टोरियाच्या गिरणीत उन्हाळ्यात काम करणारा आणखी एक तरुण होता, भगतसिंग थिंड. तो अमेरिकेतच राहिला, पहिल्या महायुद्धात पगडी घालून अमेरिकन सैन्यात भरती झाला. १९१८ मध्ये त्याला नागरिकत्व मिळालं आणि चार दिवसांत रद्द झालं. १९२० मध्ये ऑरेगनच्या न्यायाधीशाने ते परत दिलं. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं आणि फेब्रुवारी १९२३ मध्ये कोर्टाने एकमताने सांगितलं की मानववंशशास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणसाच्या समजुतीत हा 'गोरा' नाही, त्यामुळे नागरिक होऊ शकत नाही. या निकालाने आधीच नागरिक झालेल्या कित्येक भारतीयांचं नागरिकत्व काढून घेतलं गेलं. थिंडला ते परत मिळायला १९३६ उजाडलं.

१९२२, गावाचं वाईट वर्ष

१९२० मध्ये अ‍ॅस्टोरियाची लोकसंख्या १४ हजारांवर गेली होती. आज आहे त्यापेक्षा जास्त. त्याच सुमारास कॅथलिक आणि परदेशी लोकांच्या विरोधात कू क्लक्स क्लॅनने ऑरेगनभर जोर धरला होता, आणि अ‍ॅस्टोरियाही त्यातून सुटलं नाही.

१९२२ च्या सप्टेंबरमध्ये हॅमंडची गिरणी जळाली. परत बांधली गेली नाही. काम गेलं तशी हिंदू अ‍ॅली रिकामी झाली. धिल्लाँ कुटुंबही त्याच वर्षी गाव सोडून गेलं.

मग ८ डिसेंबरच्या पहाटे बाजारपेठेत आग लागली. मघाशी सांगितलेले ते खांबांवरचे रस्ते आठवतात? आग रस्त्यांच्या खालून पसरली. खाली पोकळी, डांबर-तेल प्यायलेलं लाकूड, वरून वारा. अग्निशमनवाले एका ठिकाणी पाणी मारायचे आणि आग त्यांच्या पायाखालून पलीकडच्या चौकात निघायची. शेवटी डायनामाइटने इमारती पाडून तिची वाट तोडली. तोवर सुमारे ३० चौकांची बाजारपेठ राख झाली होती. आज दिसणारी मधली बाजारपेठ त्यानंतर काँक्रीटमध्ये बांधलेली आहे, म्हणून तिथल्या इमारती एकाच काळातल्या वाटतात.

त्यानंतर

चार वर्षांनी, १९२६ मध्ये, टेकडीवर ३८ मीटर उंचीचा अ‍ॅस्टोरिया स्तंभ उभा राहिला. रोमच्या ट्रेजनच्या स्तंभासारखा. पैसे रेल्वे कंपनीने आणि अ‍ॅस्टरच्या वंशजाने दिले. आत १६४ पायऱ्या, बाहेर गोल फिरत वर जाणारी चित्रकथा. ती जंगलापासून सुरू होते, ग्रे, लुईस-क्लार्क, टॉनक्विन असं करत रेल्वेच्या आगमनापाशी थांबते. म्हणजे पंजाबी लोक येण्याआधीच ती संपते. वर चढून लाकडाची हलकी विमानं खाली सोडायची इथली जुनी पद्धत होती. स्तंभाजवळ कॉमकॉमलीच्या स्मरणार्थ चिनूक पद्धतीची दफनाची होडी ठेवली आहे.

१९४२ च्या जूनमध्ये जपानी पाणबुडीने नदीमुखावरच्या फोर्ट स्टीव्हन्सवर १७ गोळे डागले. बेसबॉल मैदानाच्या जाळीपलीकडे काही मोठं नुकसान झालं नाही, पण अमेरिकेच्या मुख्य भूमीवरच्या लष्करी ठाण्यावर त्या युद्धात झालेला हा एकच असा मारा.

माशाचं दुःख संथ होतं. नदीवर बॉनव्हिल धरण १९३८ मध्ये आणि ग्रँड कूली १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला उभं राहिलं. ग्रँड कूलीला मासे वर चढायला वाटच ठेवली नाही. वरच्या टप्प्यात जाणारे सगळ्यात मोठे सॅमन त्यामुळे कायमचे संपले. टूनाच्या डब्यांवर दिसणारा 'बंबल बी' हा ब्रँड अ‍ॅस्टोरियातच जन्मला. कंपनीने टूनाच्या जोरावर काही दशकं तग धरला, पण १९८० मध्ये इथली कॅनरी बंद झाली.

१९६६ मध्ये नदीवरचा पूल सुरू झाला. तोवर पलीकडे जायला फेरीबोट होती. 'कुठेच न जाणारा पूल' म्हणून त्याची चेष्टा झाली होती. पण टोलमधून खर्च वसूल झाला आणि १९९३ मध्ये टोल बंद झाला. टोलनाक्यांशी आयुष्यभर नातं असलेल्या आपल्या लोकांना हे वाक्य दोनदा वाचावंसं वाटेल.

आज गाव चालतं ते पर्यटन, थोडी मासेमारी, तटरक्षक दल आणि क्रूझ जहाजांवर. १९८५ चा 'द गूनीज' हा सिनेमा इथे घडतो आणि इथेच शूट झालाय. घरं वाचवण्यासाठी समुद्री चाच्यांचा खजिना शोधायला निघालेल्या पोरांची ती गोष्ट. दर ७ जूनला त्याचे चाहते गोळा होतात, जुन्या तुरुंगात सिनेमाचं म्युझियम आहे. २०१५ मध्ये धक्क्यांवर ठाण मांडलेल्या समुद्रसिंहांना घाबरवायला गावाने व्हेलसारखी दिसणारी नकली बोट आणली. तिचं इंजिन बंद पडलं आणि ती सगळ्यांसमोर उलटली. समुद्रसिंह अजून आहेत.

आणि गदरचं काय? कित्येक वर्षं गावालाच हे ठाऊक नव्हतं. इतिहास अभ्यासक जोहाना ऑग्डेन यांनी जुनी वर्तमानपत्रं आणि जनगणनेच्या नोंदी चाळून कोलंबिया काठच्या पंजाबी मजुरांचा माग काढला, २०१२ मध्ये त्यावर लेख लिहिला. ऑक्टोबर २०१३ मध्ये अ‍ॅस्टोरियाने गदरची शंभरी साजरी केली, पंजाबी कुटुंबं दुरून आली. हॉल आज नाही. गिरणीही नाही. पूर्वेच्या टोकाला, ऑल्डरब्रुक भागात, जिथे ओंडके नदीतून ओढून आणायचे तिथे आता शांत घरं आहेत आणि ओहोटीला पाण्यातून जुन्या खांबांची डोकी वर येतात.